थंड पाण्याची भुकटी

आत्याला घरात सगळे 'रेडिओ' म्हणत. आणि आठ दिवस झाले, रेडिओ बंद होता. आजारावरच्या जालीम उपचारांनी तोंडभर फोड आले होते. बोलणं सोडाच, दुधाचा घोटही घशाखाली उतरेना. डॉक्टर सांगून गेले होते, "उद्या संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल." नळीची आत्याला भारी धास्ती.

आत्या दाखल होती त्याच इस्पितळाच्या तळमजल्यावर, औषधं बनवायच्या खोलीत तिने छत्तीस वर्षं काढली होती. आता तिथे तिची भाची होती. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, तोंडात धरायचं औषध तिलाच बनवायचं होतं. आत्याला न विचारता बनवून दाखवीन, हा तिचा हट्ट. प्रयत्न दोनदा फसला. दुपारी ती बाटली घेऊन वर आली, तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं.

"बघ ना, आत्या. नुसत्या गुठळ्या!"

आत्याने बाटली उजेडात धरली. भिजल्या कापसासारखे पांढरे गोळे. पोलॉक्झामरची भुकटी, तिला ती लांबूनही ओळखू आली असती. स्वतः औषध नव्हे, पण पाण्याशी फटकून वागणाऱ्या औषधाला पाण्यात सांभाळून घेणारी. कागदोपत्री तिचं नाव 'निष्क्रिय घटकां'त. "निष्क्रिय म्हणे!" नोकरीत असताना आत्या फणकारायची. "थोरल्या सुनेसारखं आहे बिचारीचं. काही करत नाही म्हणतात, आणि घर तिच्याच जिवावर चालतं."

उशाखालची पाटी काढून तिने लिहिलं, 'पाणी तापवलंस?'

"मग? चांगलं कडकडीत. न तापवता कधी काही विरघळतं का?"

आत्याला हसू फुटलं आणि ओठ चिरून डोळ्यांत पाणी आलं. हेच वाक्य, याच ठसक्यात, तिने नोकरीच्या पहिल्या वर्षी आपल्या मोठ्या बाईंना ऐकवलं होतं. बाई नवं भांडं घेऊन सरळ फ्रिजकडे गेल्या होत्या.

तिने पाटी पुसली. 'बर्फासारखं पाणी. वरून भुरभुरव. मग फ्रिज. सकाळपर्यंत हात लावायचा नाही.'

"मध्ये एकदा ढवळलं तर?"

आत्याने शेवटच्या ओळीखाली करकचून रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी भाची आली ती रडवेली होऊनच. "गुठळ्या गेल्या, पण हे तर पाणीच राहिलं, दाटलंच नाही गं! आता तुला नळी..."

आत्याने नुसता हात पुढे केला. चमचाभर गार औषध तोंडात घेऊन तिने जिभेने फिरवलं आणि डोळे मिटले. तोंडाच्या उबेने ते दाटत गेलं, फोडांवर सायीसारखं बसलं. आग निवू लागली. भाची श्वास रोखून पाहत होती.

जरा वेळाने आत्याने दुधाच्या पेल्याकडे बोट केलं. एक घोट गेला. दुसरा गेला. पेला अर्धा झाला तेव्हा तिने पाटीकडे हात नेला, मग मागे घेतला.

"साखर कोण घालणार, डॉक्टर?" घोगरा आवाज आला.

भाची साखर आणायला पळाली. जिन्यापर्यंत मागून रेडिओ ऐकू येत होता.