दुसऱ्या बोटाची कातडी

माझी लेक आस्तेर कुंपणाच्या खांबाला पाय घासत होती. मी कॉफीची पानं कुटत बसले होते; आमच्याकडे पानांचीच कॉफी करतात. खर्र, खर्र, असा आवाज आला आणि माझा हात मुसळावरच थांबला.

मी तिच्याकडे बघितलं. विचारायची छातीच झाली नाही. तिच्या वयाची असताना मीही असाच पाय घासायचे. आधी बोटांच्या बेचक्यात खाज, मग पावलाला आग, मग सूज. माझ्या आईने गुडघ्याखाली दोरी आवळून बांधली होती, सूज वर चढू नये म्हणून. दोरीचा वळ अजून आहे, आणि त्याच्या खाली पाय केळीसारख्या जाड एन्सेतच्या बुंध्यासारखा झाला. आमच्या वोलायता भागात असा पाय ज्या घरात असतो त्या घरची मुलगी कोणी मागत नाही. हे रक्तातून येतं म्हणतात.

बाजाराच्या गावातल्या दवाखान्यात गुतुलो नावाचा माणूस सुजलेल्या पायांवर उपचार करतो. तो डॉक्टर नाही, पण सगळे डॉक्टरच म्हणतात. त्यानेही आता नाही म्हणणं सोडलंय. त्याने मला सांगितलं होतं की अंगातल्या पाण्याला बारीक वाटा असतात. आपल्या तांबड्या मातीची धूळ अनवाणी पायातून आत शिरते आणि त्या वाटा बुजतात. घराण्याचा थोडा हात असतो, पण मातीशिवाय काही होत नाही. त्याने पाय साबणाने धुवायला, बेचकं कोरडं करायला, बोटांपासून वरपर्यंत पट्टी गुंडाळायला शिकवलं. चोळायचं तर आधी मांडी, मग खाली. "बाजाराचं दार बंद असताना मागून ढकलून काय होणार, वुबितू मावशी? आधी वरची वाट मोकळी करा," असं तो म्हणायचा. चार महिन्यांत माझं पाऊल बुटात गेलं.

त्यानेच एकदा माझ्या पायाच्या दुसऱ्या बोटाची कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला होता. जिथे कातडी उचलली जात नाही, तिथे सूज बसलेली असते, म्हणाला. तेव्हापासून आस्तेरच्या पायाकडे बघायचं मी टाळत होते.

कारण बूट तिला होते. तिच्या मामाने हवासा शहरातून पाठवलेले. खराब होऊ नयेत म्हणून मीच ते खुंटीला टांगायला शिकवलं. रविवारी ती ते हातात घेऊन चर्चपर्यंत चालायची, दारात पाय पुसायची आणि मग घालायची. शेतात बूट घातले तर बायका हसतात. मीही हसले असते.

आठ दिवस मी तो आवाज ऐकला. शेजारची दार्गे कॉफी प्यायला आली आणि सहज म्हणाली की तुमची आस्तेर हल्ली बगळ्यासारखी एका पायावर उभी असते. मी हसले. तिने वाटी ठेवली, तरी माझं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं.

त्या रविवारी आस्तेर नेहमीसारखी माझा पाय मांडीवर घेऊन पट्टी गुंडाळत होती. गाठ झाल्यावर मी म्हटलं, "आता तुझा दे."

"कशाला?"

"धुते."

"सकाळीच धुतलेत."

"दे म्हणते ना."

ती पट्टीची गाठ पुन्हा सोडून बांधत बसली. मग खाली बघूनच म्हणाली, "तुला काय बघायचंय ते माहितीये मला. मी रोज बघते. उजव्याची कातडी चिमटीत येते."

डावा पाय तिने अंगाखाली दुमडला.

मी तिचा डावा पाय ओढून घेतला. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी चिमटी लावली. कातडी निसटली. पुन्हा लावली. पुन्हा निसटली. मलाच चिमटी नीट धरता येत नसेल, अशी मी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला निघालो. कोणी एकत्र बघू नये म्हणून ती माझ्यापुढे शंभर पावलं चालत होती. बूट हातात.

"पायात घाल," मी मागून ओरडले.

"चिखल लागेल ना."

"लागू दे."

गुतुलोने तिच्या पावलावर अंगठा दाबून धरला, बराच वेळ. काढला तेव्हा तिथे खड्डा पडला होता. मला वाटलं, संपलं. तो म्हणाला, "खड्डा पडतोय, म्हणजे पाणी अजून हलतंय. दगड झालेला नाही." बरं होईल का, विचारलं. होईल, पण एक पेरणी जरी अनवाणी केली तरी परत येईल, म्हणाला.

तेव्हापासून सकाळी ती माझा पाय बांधते आणि मी तिचा. मी आधी मांडी चोळते, मग खाली येते. दर रविवारी चिमटी लावते. पाच रविवार काही आलं नाही. सहाव्या रविवारी कांद्याच्या पापुद्र्याएवढी घडी बोटांत आली.

"आली?"

"आली."

तिचा विश्वास बसेना. स्वतः तीनदा धरून बघितली.

सोमवारी ती रताळी लावायला निघाली. बांधावर दार्गे आणि तिच्या सुना उभ्या होत्या, अनवाणी. त्या काहीतरी बोलून हसल्या. आस्तेर थांबली आणि बुटाकडे वाकली. बूट काढतेय, असं मला वाटलं. मी दाराला धरून उभी राहिले.

तिने नाडी घट्ट ओढली आणि चिखलात पाय टाकला.

तरी दुपारपर्यंत मी दारातच होते, तिच्या बुटांवर नजर ठेवून.