दोघींची हळद

याद्या सांभाळणाऱ्या नीताला संगणकावरच्या त्या मॅक्रोचं, एका बटणात काम उरकणाऱ्या आज्ञेचं, भारी कौतुक. जव्हारच्या कचेरीतल्या सुदर्शनकडून शिकून आली, तेव्हापासून मोखाड्याच्या मुलींच्या वसतिगृहात तिचा भाव वधारला होता. डोळे फोडून याद्या कोण तपासणार? बटण दाबलं की सारख्या नावांचे रकाने झटक्यात पिवळे. मग दोनातलं एक उडवायचं. सुंठीवाचून खोकला गेला.

पण त्या बिचाऱ्या मशीनला काय माहीत, की आमच्याकडे शुक्रवारी जन्मली ती सुकी आणि मंगळवारी जन्मला तो मंगळू! वांगणीच्या ‘सुकी मंगळू’च्या, म्हणजे मंगळूच्या पोरीच्या, दोन ओळी पिवळ्या झाल्या, आणि नीताने खालची उडवली.

आज त्याच सुकीला घेऊन तिची आई जानी नीताच्या टेबलापाशी उभी होती. पोर सहा वर्षांची, नवा फ्रॉक, डोकं तेलाने चोपडलेलं. उद्या घरातले सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर निघणार, आणि इथे पोरीला आत घेईनात. यादीतली सुकी पाचवीतली आहे म्हणे.

“जानीबाई, सुकी एकच ना तुमची?” नीताने विचारलं.

“दोन. थोरली लहानपणीच तापात गेली. मंग ही झाली, ती पण शुक्रवारीच. आमी म्हटलं, आपलीच परत आली. नाव तेच ठेवलं.”

मेलेली ठेवली आणि जिती उडवली. थोरलीचं नाव अंगणवाडीच्या जुन्या यादीतून तसंच पुढे येत राहिलं होतं, दरसाल एक इयत्ता चढत. नीताने धाकटीची ओळ परत भरली आणि बटण दाबलं. दोन्ही नावं पिवळी झाली.

जानी वाकून बघू लागली. “पिवळं काय हाये?”

“या तुमच्या दोघी सुकी.”

“दोघींना हळद लावलीस, बाय.” जानीच्या तोंडावर हसू आलं ते जाईचना. “थोरली कितवीत?”

“पाचवीत.”

“ऐकलंस? तुझी ताई पाचवीत हाये,” ती पोरीला म्हणाली.

तरी नीताला सांगावंच लागलं. एका नावाला एकच जागा, दोघींना ठेवता येत नव्हतं.

जानीने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. “थोरलीला काढ. हिला जेवाया लागंल.”

नीताने ती ओळ काढली आणि सवयीने बटण दाबलं. आता जुळायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. धाकटीचा रकानाही पांढरा झाला.

“हिची पण पुसली?” जानीने विचारलं.