मधुकाकांची कच्ची यादी

“अगं, पाण्याचा पेला फॉर्मापासून लांब ठेव! एक थेंब सांडला तर पोरगी सायन्सची कॉमर्सला जाईल!”

आईचा हा आवाज. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील, तरी जून आला की तो माझ्या कानात उठतो, आणि मी आपसूक टेबलावरचा पेला उचलून कट्ट्यावर ठेवते. आता टेबलावर फॉर्म नसतो, लॅपटॉप असतो. पेला मात्र उचलला जातोच.

आमच्या नाहूरच्या सोसायटीत तेव्हा दहावीचा निकाल लागला की सगळी पोरं आमच्या घरी यायची. बाबा भांडुपच्या एका शाळेत हेडक्लार्क. अर्ज, दाखले, शिक्के यांत त्यांचा जन्म गेलेला. अकरावीचा फॉर्म भरायचा तर मधुकाकांकडेच, असा रिवाजच पडून गेला होता. बाबा आधी कच्ची यादी करायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान, त्याची कोरी बाजू, आणि कानामागची पेन्सिल. पोराला समोर बसवायचे, मार्क विचारायचे, मग मार्क बाजूला ठेवून विचारायचे, “बरं, आता खरं सांग. कुठे जावंसं वाटतं?” पोरगं लाजायचं, आईकडे बघायचं, मग हळूच एक नाव सांगायचं. ते नाव बाबा पहिल्या ओळीवर लिहायचे. कितीही अवघड असो, कितीही लांब असो. आणि गुणगुणायचे:

आवडीचं आधी, सोयीचं नंतर,
घराजवळचं तळाला, मोजू नका अंतर.

ही त्यांची स्वतःची जोडाजोड. आई स्वयंपाकघरातून हसायची. तिच्या माहेरी बायका जात्यावर गायच्या, त्यामुळे बाबांचं हे यमक तिला कच्चं वाटायचं. ती कणीक तिंबता तिंबता आपलं म्हणायची:

पहिली माझी ओवी, पहिल्या पसंतीला,
लेक निघाली शिकाया, दूरच्या वसतीला.

ती ओवी माझ्यासाठी होती. माझ्या पहिल्या ओळीवर बाबांनी टाऊनमधलं, म्हणजे पार दक्षिण मुंबईतलं कॉलेज लिहिलं होतं. मीच घाबरले होते. यादी लागली त्या दिवशी बाबा रजा टाकून माझ्याबरोबर आले. फळ्याला बारीक जाळी लावलेली, तिच्यापुढे ही गर्दी. बाबांनी चपला काढून हातात घेतल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि जाळीवरून बोट फिरवत फिरवत एकदम थांबले. एक्केचाळिसावी होते मी. “गंधाली!” ते इतक्या जोरात ओरडले की पुढच्या चार मुली दचकून मागे वळल्या.

एवढं सगळं सांगायचं कारण, या जूनमध्ये आमच्याच घरातली पाळी आली. माझी लेक इरावती दहावी झाली. एक्क्याण्णव पूर्णांक दोन.

आई जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हाच माझा नवरा केयूर, मी आणि इरा मुलुंडचं भाड्याचं घर सोडून बाबांकडे राहायला आलो. त्यामुळे इरा आजोबांच्याच पंखाखाली वाढली म्हणायची. तिला दगडांचं वेड. खिडकीच्या कट्ट्यावर तिचं दुकान मांडलेलं असतं. घाटातल्या रस्त्याच्या कामावरून उचललेला पांढऱ्या सुयांसारख्या स्फटिकांचा गोटा, उरणचा भोकाभोकांचा काळा दगड. मागच्या दिवाळीत तिने आजोबांना अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर नेलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस निम्म्या पायऱ्या चढला आणि तिथेच बसून, “उरलेला डोंगर तू बघून ये, मला तोंडी सांग,” म्हणाला.

तिला आर्ट्स घ्यायचंय आणि त्यात भूगर्भशास्त्र. अकरावीला हा विषय शिकवणारी कॉलेजं हातांच्या बोटांवर मोजावीत एवढीच. तिच्या मार्कांत बसेल असं एक टाऊनला आहे. आमच्या घराजवळच्या कॉलेजात तो विषय नाही.

आता सगळं ऑनलाइन. दहा कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने टाकायची आणि यादी लॉक करायची. एक नियम कडक आहे. पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. बाबांनी ती माहितीपुस्तिका खालच्या दुकानातून छापून आणून पेन्सिलीने खुणा करत वाचली होती. सोसायटीतली पोरं अजूनही त्यांच्याकडे येतात. हातात मोबाइल असतो, पण कच्ची यादी कॅलेंडरच्या पानावरच हवी, आणि ती पुढे बदलायची नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला मुदत संपत होती. मी ऑफिसातून रजा घेतली होती. सकाळी नाश्ता झाल्यावर बाबांनी एप्रिलचं पान उलटं केलं, चष्मा पुसला आणि इराला समोर बसवलं. मी म्हटलं, आता ते विचारतील, खरं सांग, कुठे जावंसं वाटतं.

त्यांनी विचारलंच नाही. सरळ लिहायला लागले. पहिल्या ओळीवर घराजवळचं कॉलेज. टाऊनचं चौथ्या ओळीवर.

इराने मान तिरकी करून वाचलं. “आजोबा, उलटं झालंय ना हे?”

“उलटं काय त्यात?”

“पहिलं लागलं तर घ्यावंच लागेल. आणि हे तर लागणारच. गेल्या वर्षी पंचाहत्तर टक्क्यांना थांबलं होतं. म्हणजे टाऊनचा चान्सच गेला.”

“कॉलेजलाही मान असतो,” बाबा पानाकडे बघत म्हणाले. “तू घराजवळच्याला चौथ्या नंबरवर टाकलंस तर तेही तुला चौथ्या नंबरचीच वागणूक देणार. ज्यांनी पहिलं लिहिलं त्यांना आधी जागा वाटतील, आणि तू राहशील लटकून. खात्रीचं हातात असू दे.”

“पण गेल्या वर्षी टाऊनचं नव्वदला थांबलं होतं. मला एक्क्याण्णव आहेत.”

“गेल्या वर्षीचं गेल्या वर्षी. यंदा मार्कांचा पूर आलाय.”

मी मधे पडले. “बाबा, पण तुम्ही तर नेहमी…”

“गंधाली, तू पोहे कर.”

“पोहे झाले खाऊन!”

“मग चहा कर.”

इरा त्यांच्यावर चिडत नाही, हीच अडचण आहे. तिने पान उचललं, खोलीत गेली, लॅपटॉप उघडला. मी मागोमाग गेले. ती एकेक कॉलेजचा कोड टाकत होती, आजोबांच्या क्रमाने.

“इरा, तुला नको असेल तर नको टाकूस.”

“आई, त्यांचं आजपर्यंत एकदा तरी चुकलंय का? सांग ना.”

“नाही.”

“मग! त्यांना काहीतरी माहीत असेल.” आवाज नेहमीचा होता, पण नाक लाल झालं होतं. “दगड काय, रविवारी पण बघता येतात.”

तिने यादी सेव्ह केली. लॉक केली नाही. “जेवून करते,” म्हणाली, आणि खिडकीपाशी जाऊन दगडांवरची धूळ पुसत बसली. धूळ नव्हतीच.

मला वाटलं, बाबा थकले. वय झालं. नवी पद्धत त्यांच्या डोक्यात जुन्या पद्धतीशी गुंतली असेल. पूर्वी प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा असायचा, तेव्हा खात्रीच्या जागी आधी फी भरून ठेवणारे लोक होतेच की. वाईट वाटलं, पण राग नाही आला. आपल्या बापाच्या हातून पहिली चूक झाली की माणूस तिच्यावर पांघरूण घालतो, तसंच मीही करत होते. इराला समजावून नंतर गुपचूप यादी बदलू, बाबांना कळायलाच नको, असं काहीतरी मनात चाललं होतं.

अडीच वाजता बेल वाजली. खालच्या मजल्यावरची ऋता, आणि तिच्यामागे तिची आई धापा टाकत.

“काका, वाट लागली आमची! हिला अजून ठरवता येत नाहीये,” ऋताची आई म्हणाली. “मी म्हणतेय घराजवळचं पहिलं टाक, सेफ. ही ऐकत नाही. तुम्हीच सांगा आता.”

बाबा झोपाळ्यावरून उठले. त्यांच्या अंगात एकदम दहा वर्षं मागचे मधुकाका आले. कानामागची पेन्सिल, मे महिन्याचं पान.

“वेडे की काय तुम्ही लोक!” बाबांचा आवाज सगळ्या घरात घुमला. “सेफ म्हणे! अहो, तो कम्प्युटर आधी मार्क बघतो. तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचतो, आणि जिथे पहिली जागा दिसेल तिथे बसवतो. घराजवळचं दहाव्या नंबरवर टाकलंत म्हणून तुमच्यापेक्षा कमी मार्कवाल्याला आधी नाही देत तो. कॉलेजला कळतसुद्धा नाही तुम्ही त्याला कितव्या ओळीवर लिहिलंय. आणि पहिलं टाकलंत तर तिथेच अडकलात. ऋता, तू सांग, खरं सांग. कुठे जावंसं वाटतं?”

ऋताने विलेपार्ल्याच्या एका कॉलेजचं नाव घेतलं. बाबांनी ते पहिल्या ओळीवर लिहिलं, आणि सवयीने ओठांतून निघून गेलं, “आवडीचं आधी, सोयीचं नंतर…”

पुढची ओळ आली नाही.

खोलीच्या दारात इरा उभी होती. मी स्वयंपाकघराच्या दारात. बाबांनी मान वर केली नाही. त्यांनी ऋताची यादी पुरी केली, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, जणू ती संपूच नये. ऋताची आई “काका, तुम्ही आहात म्हणून” वगैरे म्हणत होती. इराने तिला पाणी आणून दिलं. दोघी गेल्या. दार लागलं.

इरा आजोबांसमोर येऊन उभी राहिली.

“आजोबा,” इरा म्हणाली, “कम्प्युटर तिच्यासाठी वेगळा आणि माझ्यासाठी वेगळा आहे का?”

मला हसू आलं. बाबा झोपाळ्यावर बसले. झोपाळा हलू नये म्हणून दोन्ही पाय जमिनीला टेकवून.

“त्या कॉलेजला जायचं तर वाटेत गाडी बदलावी लागते,” ते म्हणाले.

“आई पण टाऊनलाच जायची.”

“तेव्हा इतकी गर्दी नसायची.”

“बाबा,” मी म्हटलं, “तुम्ही मला सोडायला आला होतात. तेव्हाच म्हणाला होतात, याहून जास्त गर्दी जगात कुठे नसेल.”

“आर्ट्सची पोरं टवाळ असतात.”

“आजोबा, मी पण आर्ट्सचीच होणार आहे.”

आता कारणंच उरली नाहीत. बाबांनी इराकडे हात पुढे केला. “आण ते पान.”

तिने एप्रिलचं पान आणून दिलं. मधुकाकांच्या कच्च्या यादीवर काट मारलेली आजवर कुणी पाहिली नव्हती. बाबांनी पहिल्या ओळीवर आडवी रेघ ओढली. मग चौथीवर. मग पेन्सिल थांबली. “आता खरं सांग,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. “कुठे जावंसं वाटतं?”

इराने टाऊनच्या कॉलेजचं नाव सांगितलं. तिला आठवीपासून माहीत असलेलं नाव, पण आजोबांना पहिल्यांदाच सांगतेय अशा थाटात. त्यांनी ते वर लिहिलं. घराजवळचं दहाव्या ओळीवर, अगदी तळाला.

साडेतीन वाजले होते. साईट एकदा बंद पडली, मग हळूहळू उघडली. इराने क्रम बदलला. बाबा तिच्या खांद्यामागे उभे राहून कागदावरचा कोड आणि पडद्यावरचा कोड ताडून बघत होते, “सहा, मग शून्य, शून्य, बरोबर,” असं पुटपुटत. दहाही झाले.

“तुम्ही लॉक करा,” इरा म्हणाली.

“माझं बोट थरथरतं.”

“मग काय झालं? एकदाच तर दाबायचंय.”

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी आली. यादी लॉक झाली होती. आता ती कुणालाही बदलता येणार नव्हती, बाबांनाही नाही.

मी म्हटलं, “चला, आता चहा.”

पण इरा हलली नाही. ती खुर्ची वळवून आजोबांकडे तोंड करून बसली. “आता सांगा,” ती म्हणाली. “आता सांगितलंत तरी काही बदलणार नाही. सकाळी असं का लिहिलंत?”

बाबांनी खिडकीतला पांढरा गोटा उचलून परत ठेवला. मग पलंगाच्या कडेवर बसले आणि मला वाटलं आता पुन्हा गर्दीचं काहीतरी सांगतील.

“नववीत तू माथेरानला गेली होतीस,” ते म्हणाले. “चार दिवस. आठवतं? तुझी आई रोज माझा डबा भरून जायची. मी रोज तो खालच्या वॉचमनला द्यायचो आणि रिकामा धुऊन ठेवायचो. तुझी आजी गेल्यापासून मला एकट्याला दुपारचं जेवण जात नाही गं, इरा. घास फिरतो तोंडात. तू शाळेतून आलीस, बॅग टाकलीस, ‘भूक, भूक’ ओरडलीस की मग मला भूक लागते. घराजवळचं कॉलेज बाराला सुटतं. एवढंच होतं. मला वाटलं, अजून दोन वर्षं.”