खोटे निरोप माझ्याकडे पाठवा

मी एक जुना मोबाईल बोलतोय. काच तडकलेली, एक कोपरा चेपलेला. पण आवाज अजून खणखणीत आहे. नवा फोन आला तशी ताईने माझी रवानगी बाबांच्या खोलीतल्या खणात केली. तिथे संपलेले सेल आणि कुलूप हरवलेल्या किल्ल्या यांच्या संगतीत मी दिवस ढकलत होतो. माणसं जुनी वस्तू वापरत नाहीत, पण टाकतही नाहीत. त्यांच्या या सवयीनेच मी वाचलो.

ताई प्रोग्रॅमर. बाबा ज्या केंद्रात डायलिसिसला जायचे, त्यासाठी तिने चॅटबॉट, म्हणजे फोनवर आपोआप निरोप धाडणारा प्रोग्रॅम, बनवला होता. केंद्रातून 'वेळ' लिहिलं की पेशंटना त्यांची वेळ कळायची. 'रद्द' लिहिलं की आज येऊ नका, असा निरोप जायचा. बॉट बिचारा सांगकाम्या. एका दुपारी ऑफिसात बसून ताईने 'रद्द' नीट चालतं का ते करून पाहिलं आणि निरोप खऱ्याखुऱ्या पेशंटना गेला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने एकेकाला फोन करून केंद्रावर पाठवलं. बाबा घरचेच, त्यांना कळेलच, असं धरून चालली. बाबा मात्र निरोप वाचून पांघरूण घेऊन झोपले. दुसऱ्या दिवशी पाय सुजले, धाप लागली. धावपळ करून न्यावं लागलं. थोडक्यात निभावलं.

"मला एक फोन तरी करायचा, बाबा," घरी आल्यावर ती रडत म्हणाली.

"अगं, तुझ्या बॉटने सांगितलं. तू कशाला खोटं सांगशील?"

ते ऐकून ती बॉट बंदच करणार होती. पण बाकीच्या पेशंटना त्याची सवय झाली होती. मग तिने मला खणातून काढलं, पुसलं, चार्जिंगला लावलं. बॉटमध्ये एक खटका बसवला. तो चालू असला की कुठलीही आज्ञा द्या, निरोप फक्त माझ्याकडे. डेव्हलपमेंट मोड असं त्याचं भारदस्त नाव.

पहिल्या चाचणीला बाबा समोर बसले, स्वतःचा फोन तळहातावर घेऊन. ताईने खटका चालू करून 'रद्द' लिहिलं. मी वाजलो. बाबांचा फोन गप्प.

"पाठवलास?"

"पाठवला."

"मग मला कसा नाही आला?"

"असले आता तुम्हाला नाही येणार, बाबा."

"माझ्या फोनवर सकाळी आलेली चारची वेळ दिसतेय."

"ती खरी."

"मग चल, उशीर होईल," म्हणत बाबा उठले.

अडगळीतून उचलून ताईने मला कामाचं केलं, तिचे उपकार मी विसरणार नाही. रोज कुठल्या ना कुठल्या चाचणीत बॉट मला सांगतो, आज येऊ नका, केंद्र बंद आहे. मी आनंदाने ऐकून घेतो. एवढीच विनंती आहे: चुकायचं तर माझ्याकडे चुका, पोटभर चुका. बाबा अजूनही तिचा प्रत्येक निरोप खरा मानतात.