दिवेबाबांच्या पोटातला होकार

शिलाईच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी जिथं कापड बेतायचं टेबल असे, तिथं आज माईंची खाट आणून ठेवली होती. चाळीस वर्षं याच खोलीत लोकांचे कपडे शिवलेल्या माई पक्षाघातानं दोन महिने आडव्या होत्या. वाचा गेलेली, अंग लुळं. दिवेबाबांनी त्यांच्या कपाळावर एक राखाडी पट्टी बांधली होती आणि उशाशी निळा दिवा ठेवला होता.

"जीभ थकली म्हणून आत्मा थकत नाही," बाबा म्हणाले. "मनात होकार आला की कपाळाची शीर ताणते. तो ताण पट्टीत, पट्टीतून दिव्यात. माई, मी आलोय ते कळतंय?"

दिवा लागला. जमलेल्या बायकांपैकी चारपाच जणींनी हुंदके दिले.

"औषधं, व्यायाम, हे हाल आता पुरे ना?"

दिवा पुन्हा लागला.

"उद्या आश्रमात यायचं?"

या वेळी तर तो प्रश्न संपायच्या आतच लागला. सून डोळे पुसत म्हणाली, "सुटल्या बिचाऱ्या." नक्की कोण सुटलं, ते काही तिनं सांगितलं नाही.

व्यायामवाली ताई दाराशी उभी होती. रोज सकाळी येऊन ती माईंचे हातपाय हलवायची. तीन आठवड्यांपासून, 'वाकवा' म्हटलं की माईंचा डावा अंगठा वाकत होता. व्यायाम आत्ता थांबला तर तोही जाणार होता. आता दुकान बघणाऱ्या मुलाला तिनं हे कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पण 'येऊन बघा' म्हटलं की त्याच्याकडे नेमकं गिऱ्हाईक असायचं.

ती मघापासून बघत होती. दिवा लागताना माईंचं कपाळ हलत नव्हतं, बाबांचं पोट मात्र दर वेळी पुढं यायचं. दवाखान्यात ती रोग्यांच्या गुडघ्यांवर पट्ट्या चिकटवत असे. ताणणारं रबर, त्यात कार्बन. रबर ताणलं की विजेला होणारा अडथळा बदलतो आणि गुडघा किती वाकला ते तारेशिवाय लांबच्या डबीवर दिसतं. तिला आधी राग आला, मग हसू आलं.

कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं होतं. "बाबांना मऊ आसन करते," म्हणत तिनं ते बाबांच्या नाकासमोर झटकलं. बाबा शिंकले. दिवा लागला. पुन्हा शिंकले, पुन्हा लागला. तिसरी शिंक त्यांनी जिवाच्या आकांतानं दाबली, तर दिवा नुसता थरथरत राहिला.

"माईंनी भराभर होकार दिले," ताई म्हणाली. "पण कुणी काही विचारलंच नव्हतं."

"आत्म्याचा कोप..." बाबांनी सुरुवात केली, तोवर शेजारच्या दूधवाल्यानं त्यांची कफनी वर केली होती. बेंबीच्या वर एक काळी पट्टी चिकटवलेली होती, तिला बटणाएवढा सेल. ताईनं ती एका झटक्यात ओढली. पोटावरचे केसही सोबत आले. त्यावर बाबा जे बोलले, ते कुठल्याही आश्रमात शिकवत नसावेत.

"मग आईच्या कपाळावर काय आहे?" मुलानं विचारलं.

"दादा, इलॅस्टिक आहे. चड्डीचं. तुम्हीच मीटरवर विकता."

मुलानं पट्टी सोडून बोटांत ताणली. अख्खं आयुष्य इलॅस्टिक मोजण्यात गेलं होतं त्याचं. ओळखायचंच नव्हतं, म्हणून ओळखलं नव्हतं.

ताईनं काळी पट्टी पुसून माईंच्या डाव्या अंगठ्यावर बसवली. "ही मनातलं वाचत नाही. ताणली की दिवा लावते, एवढंच. म्हणून दिवा लागला की हात जोडण्याआधी पट्टी कुणाच्या अंगावर आहे ते बघा. आणि माणूस आजारी असलं तरी त्याचा होकार त्यालाच विचारा. माई, ऐकू येत असेल तर अंगठा वाकवा."

दिवा लागला.

"आश्रमात जायचं असेल तर वाकवा."

दिवा लागला नाही.

मुलगा खाटेशी बसला, दोन महिन्यांत पहिल्यांदाच. "आई, चुकलं माझं. माफ केलंस?"

दिवा लागला नाही. त्यानं पुन्हा विचारलं. तरीही नाही.

"बिघडला असेल," सून म्हणाली.

"माई," ताई म्हणाली, "दिवा बिघडलाय का, ते जरा दाखवता यांना?"

माईंनी मुलाकडे बघत अंगठा वाकवला. दिवा चांगला लख्ख लागला.