परतीचं निशाण

हेन्ड्राने पायपुसण्यावर बूट तीनदा घासले आणि मनातला हिशेब पुन्हा तपासला. अ‍ॅडमिरलच्या आत्मचरित्रात एकच वाक्य पडलं, तर म्हातारपणी का होईना कॅप्टनचा हुद्दा, अर्ध्या पगाराऐवजी पुरतं पेन्शन, आणि प्लिमथच्या धक्क्यावर मागून येणारी ‘आंधळा हेन्ड्रा’ ही हाक बंद. या तिसऱ्यासाठी त्याने पहिले दोन लाभ सोडूनही दिले असते.

अ‍ॅडमिरल सर अ‍ॅम्ब्रोज थॉर्नकोम सुजलेला पाय उशीवर टाकून बसले होते.

“ये. लढाईच्या प्रकरणापाशीच अडलोय बघ.”

“मला कळलं, सर. म्हणूनच आलो.”

चौतीस वर्षांपूर्वी, दुपारी अडीच वाजता, ताफ्याच्या मुख्य जहाजावर माघारीचं निशाण चढलं होतं. निशाणं वाचणं हे लेफ्टनंट हेन्ड्राचं काम. त्याने दुर्बिणीतून ते पाहिलं आणि कॅप्टन थॉर्नकोमना दोनदा सांगितलं. ते पाठ फिरवून उभे राहिले; जहाज वळलं नाही. संध्याकाळी शत्रूची तीन जहाजं हाती आली. मग ते म्हणाले, “नोंदवहीत लिही, धुरामुळे निशाण दिसलं नाही. तुला मी विसरणार नाही.” हेन्ड्राने लिहिलं. कॅप्टनचे ‘सर’ झाले, गुत्त्यांच्या पाट्यांवर त्यांचं चित्र चढलं. हेन्ड्राला पुन्हा जहाज मिळालं नाही. निशाण न दिसणाऱ्याच्या हाती दुर्बीण कोण देणार?

“मी पाहिलं आणि सांगितलं. एवढंच लिहा, सर.”

अ‍ॅडमिरलनी कोरा कागद पुढे ओढला.

“तेव्हाच लिहायला हवं होतं,” ते म्हणाले आणि त्यांनी खरोखरच टाक दौतीत बुडवला.

तेवढ्यात घर सांभाळणारी मिसेस ज्यूवेल चहा आणि केशर घातलेले पाव घेऊन आली.

“साहेब, शाई पुन्हा शालीवर सांडा, म्हणजे माझा शनिवार धुण्यात गेला!” मग पाहुण्याकडे बघून म्हणाली, “तुम्हीच ना ते निशाणवाले?”

हेन्ड्राने मान हलवली.

“लोकांचं मनावर घेऊ नका हो. माझा नवरा साहेबांच्याच जहाजावर होता, खाली तोफेवर. चार वाजता गेला. एवढ्या धुरात कुणाला काय दिसणार? दिसलं असतं, तर साहेबांनी जहाज फिरवलंच असतं की. नाहीतर मी यांच्या घरची चूल पेटवली असती का?”

टाक कागदावर टेकलेलाच राहिला. शाईचा डाग पसरत गेला. अ‍ॅडमिरलनी मान वर केली नाही.

“धूर फार होता, बाई,” हेन्ड्रा म्हणाला.

तिने त्याच्या बशीत आणखी एक केशरी पाव ठेवला आणि ती गेली.

“हेन्ड्रा...”

“प्रकरण आहे तसंच राहू द्या, सर.”

त्या हिवाळ्यात पुस्तक निघालं आणि खपलंही. शेवटच्या पानावर लढाईत त्यांच्या जहाजावर कामी आलेल्यांची नावं होती, एक्केचाळीस. कोण किती वाजता गेला, ते छापलं नव्हतं. हेन्ड्राला मात्र पाठ होतं. त्याने पेन्सिलीने खुणा केल्या. अडीचपूर्वीचे नऊ लढाईच्या खात्यावर टाकले. उरले बत्तीस. समासात त्याने दोन नावं लिहिली, थॉर्नकोम आणि हेन्ड्रा, आणि बत्तीसांना दोनाने भागलं.