एकोणपन्नास की पन्नास

सकाळी सव्वादहाला बिडकीनच्या कारखान्याच्या जागेवर मुंजाबाच्या लोडरचा चाकांवरून फिरणारा उजवा रबरी पट्टा तुटला. सहापर्यंत मशीन चालू झालं नाही तर उद्यापासून दुसऱ्याचं लावू, असं ठेकेदारानं सांगून टाकलं.

तीन वाजता मुंजाबा शहरातल्या दुकानात उभा होता. पट्ट्यावरचा नंबर झिजलेला. रुंदी त्यानं मोजून आणली होती. आतल्या कड्या मोजायच्या राहिल्या होत्या. त्यानं मशीनपाशी बसवलेल्या बापाला फोन लावला. सोनाजीनं खडूची खूण करून कड्या मोजल्या.

"एकोणपन्नास."

दुकानदारानं एकोणपन्नास कड्यांचा पट्टा ओढला. "भाई, एक कडी का फरक पडा तो चढेगाच नहीं. और वापस नहीं लेता मैं."

मुंजाबा थबकला. बापानं जन्मभर मेंढरं मोजली होती, आणि मोजताना म्होरकी, म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी मेंढी, धरायची नाही हा त्याचा रिवाज.

"आबा, खडूची कडी धरली का?"

"ती कशाला धरू? म्होरकी हाय ना ती!"

"आबा, रबर हाय ते, मेंढरं नव्हं!" मुंजाबानं कपाळावर हात मारला. "म्हंजे पन्नास?"

"व्हय. पण फाटलेल्या जागची कडी एकदा धरली का दोनदा, ध्यानात नाय."

"पुन्हा मोजा. समदी धरा."

दुकानदारानं एकोणपन्नास आणि पन्नास कड्यांचे दोन्ही पट्टे समोर टाकले. सोनाजी मोठ्यानं मोजत एकतिसावर आला आणि थांबला.

"काय झालं?"

"ठेकेदारसायब आले. रामराम घालून येतो."